बोलावणं येईपर्यंत

४ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. शिवणाच्या दुकानात माझ्याबरोबर काज-बटणं करणारी एक मुलगी आहे, तिच्याकडून पत्ता लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच परत पाठवलं असतंस. आधीची तीन तशीच आली. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

बाबा अंथरुणाला खिळलेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, पिकलं पान आहे, महिना काढतील, फार तर दोन. जेवण चार चमच्यांवर आलंय. कान वयामुळे गेलेत. मी पाटीवर खडूने लिहिते, ते वाचतात आणि मान हलवतात. हट्ट मात्र पहिल्यासारखेच. गेल्या आठवड्यात खाट खिडकीजवळून उचलून पुढच्या दाराला चिकटवून लावायला लावली. दिवसभर हात चौकटीच्या लाकडावर ठेवून पडलेले असतात. वारा लागत असेल तिथे.

तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. खोटं कशाला सांगू? सव्वीस वर्षांत तूही त्यांचं घेतलं नसशील. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा, असे दोघं आहात.

प्रार्थनेच्या जागेची सेवा नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहे, हे तुला कोणी सांगितलं का? बाबांना उभं राहवेना आणि दुसरं कोणी तयार होईना. सकाळी सव्वासहाला बंद दारासमोर अनवाणी उभं राहायला आजकाल कोणाला वेळ आहे? वकीलकाका अजून मंडळाचे प्रमुख आहेत. ते म्हणाले, "बाई तर बाई. घरातलीच आहे, आणि हिचे कान लहानपणापासून तयार आहेत." मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

नियम तेच आहेत. परवा एक नवीन बाई आल्या होत्या, त्यांना समजावून सांगताना मला बाबांचाच आवाज ऐकू येत होता. आतली खोली देवाची आहे, आपली नाही. सेवेकऱ्याने दार तीनदा वाजवायचं, हात जोडायचे आणि उभं राहायचं. आतून बोलावणं आलं तर दार उघडायचं, मग सगळ्यांची प्रार्थना. नाही आलं तर सगळ्यांनी निमूट घरी जायचं. बोलावल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकायचं नाही. त्या बाईंनी विचारलं, "पण बोलावणं येतं म्हणजे नक्की काय ऐकू येतं हो?" मी बाबांचंच उत्तर दिलं, "उभं राहिलात की कळेल." बाईंना ते फार आवडलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एकदा येऊन जा. बोलू नकोस हवं तर, नुसता येऊन बस.

तुझी बहीण

१७ मार्च

दादा,

कार्ड मिळालं. दोन ओळी लिहिल्यास, पण लिहिल्यास. "त्यांना दाराबाहेर उभं राहून वाट बघायची सवय आहे. बघू देत." वाचून मी कार्ड डब्यात टाकलं, मग काढून पुन्हा वाचलं. अक्षर अजून छापखान्यातल्यासारखं सरळ आहे तुझं.

तुझा राग मला पाठ आहे. तू तेव्हा छापखान्याच्या माडीवर राहायचास आणि आठवड्यातून एकदा पहिल्या गाडीने घरी यायचास. त्या दिवशी आलास तर घर उघडं, चुलीवर चहाचं पाणी आटून भांडं लाल झालेलं, आणि आई नाही. आई झाडलोट करायला आतल्या खोलीत मागच्या बुटक्या दाराने जायची आणि सहाच्या आत घरी परतायची, हे तुला माहीत होतं. तू मागच्या दाराशी गेलास. आतून कडी. हाका मारल्यास, ओ नाही. मग वळसा घालून पुढून आलास, बूट घालूनच, शंभर माणसं बसली होती त्यांच्यामधून. आम्ही दोघं बंद दारासमोर हात जोडून उभे. पाऊण तास झाला होता उभं राहून. तू बाबांना मागून हाक मारलीस. ते वळले नाहीत. तू दारावर लाथ घातलीस.

आणि आईला उचलून बाहेर आणलंस, तेव्हा बाबा तुझ्या पायांकडे बघून म्हणाले, "पायातले काढ."

हे मला माहीत आहे. हे मी सव्वीस वर्षांत एक दिवस विसरलेले नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की अर्ध्या तासापूर्वी आणलं असतं तर काही करता आलं असतं, तेही मी ऐकलं. तू सगळ्या मंडळींसमोर म्हणालास, "ह्यांना बायको मरताना ऐकू आली आणि हे आज्ञेची वाट बघत उभे राहिले." बाबा गप्प बसले. वकीलकाका म्हणाले की बुटाने दार तोडल्याबद्दल तू उंबऱ्यावर माफी माग. तू थुंकलास आणि गेलास.

आता मी सांगते ते नीट वाच. बाबांना ऐकू आलं नाही, दादा. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. वखारीत करवतीच्या यंत्रावर वीस वर्षं काढली होती त्यांनी, कान त्या दिवसाच्याही तीन वर्षं आधीच गेले होते. मागच्या पत्रात मी वय म्हणाले, ते खोटं होतं. जुनी सवय, हात आपोआप तसं लिहून गेला.

हे फक्त आईला आणि मला माहीत होतं. सेवेकऱ्याचे कान गेले की सेवा जाते, हा नियम. सेवा गेली असती तर बाबा सहा महिनेसुद्धा जगले नसते असं आई म्हणायची. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता, चिडू नकोस, तूच म्हणायचास. तू घरी असलास की बाबा तुझ्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचे. पाठ वळलेली असली की उत्तर नाही. तू आईला म्हणायचास, "बाबा माझ्याशी बोलत का नाहीत गं? मी काय घोडं मारलंय त्यांचं?" आई म्हणायची, "त्यांचा स्वभाव तसा." ती एवढी साधी बाई, पण तुझ्याशी खोटं बोलली. मी पण. तू किती हाका मारल्यास त्या माणसाला, आणि त्यातली एकही त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

बस, एवढंच सांगायचं होतं.

तुझी बहीण

२९ मार्च

दादा,

तुझ्या पत्रात एकच ओळ आहे. "मग बोलावणं कोण ऐकत होतं?"

मला वाटलं होतं तू हे विचारणार नाहीस. खरं तर विचारशील म्हणूनच ते पत्र अर्धवट सोडलं होतं. आज दुकानात गेले नाही. दार लावून बसले आहे. बाबा झोपलेत, हात चौकटीवर.

मी ऐकत होते. अकरा वर्षांची असल्यापासून. बाबा दार वाजवायचे, मी त्यांच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे. लोकांना वाटायचं, लेकीला सेवा शिकवतायत. बोलावणं आलं की मी त्यांचा कोपर दाबायचा असं ठरलं होतं. बाबांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "घाबरू नकोस. तुझे कान स्वच्छ आहेत. तुला येईल." तू मला सुपकानी म्हणून चिडवायचास ना, तेव्हा मला मनातून अभिमान वाटायचा. मला वाटायचं, हे कान बाबांच्या कामाचे आहेत.

दादा, मला कधीच काही ऐकू आलं नाही. पहिले पंधरा दिवस मी जीव कानात गोळा करून उभी राहिले. दिव्याच्या वातीची तडतड यायची, दुसरं काही नाही. मागे लोक खोकायला लागायचे. आज कोपर दाबला नाही तर शंभर माणसं रिकामी जाणार, ह्या भीतीने पहिल्यांदा दाबला. मग सोपं झालं. पाय दुखले की दाबायचा. भूक लागली की दाबायचा. कोणावर राग आला असला तर दाबायचा नाही, वकीलकाकांना एकदा सलग तीन दिवस रिकामं पाठवलंय मी. तिसऱ्या दिवशी ते रडले आणि बाबांच्या पाया पडून म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असणार." मी बाजूला उभी राहून नखं कुरतडत होते.

आता तो दिवस.

बाबांनी तीनदा वाजवलं आणि तळवा दारावर तसाच ठेवला, नेहमीसारखा. मी पायाच्या अंगठ्याने लाकडी जमिनीवर चौकोन काढत होते. आणि आतून आवाज आला. टक. टक. टक. तीनदाच.

हसू नकोस. तुला हसू येणार नाही म्हणा. मी चौदा वर्षांची होते, तीन वर्षं देवाच्या नावाने खोटं बोलत होते, आणि त्या दिवशी त्याने आतून उत्तर दिलं. आई आत असेल हे मनात आलंच नाही. ती सहाला परतायची, तेव्हा सव्वासहा होऊन गेले होते. आणि मागच्या दाराकडे बघायची आमच्यात पद्धत नव्हती.

पुन्हा टक टक झालं. तेव्हा मी कोपर दाबायला हवा होता. रोज दाबायचे तसा. एवढंच करायचं होतं मला. पण बाबांनी शिकवलेलं आठवलं, बोलावणं आलं तरी धावत सुटू नये, त्याचं बोलणं मधेच तोडू नये, पुरतं होऊ द्यावं. इतके दिवस हे माझ्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेलं होतं. त्या एका दिवशी मी ते पाळलं. हात जोडले, डोळे मिटले आणि मनापासून उभी राहिले. मी त्याची क्षमा मागत होते, दादा. मला इतकं स्वच्छ वाटलं होतं, तसं त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही. आवाज हळू होत गेला. मला वाटलं, मऊ झाला. मग थांबला. थांबल्यावरही मी लगेच हलले नाही, कारण मी रडत होते आणि मला ते संपवायचं नव्हतं.

मग तुझे बूट आले.

आई आत दाराशी कोसळली होती, आणि तो आवाज तिच्या अंगठीचा होता. दाराच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, अजून अंगठीच्या खुणा आहेत. तू दाराची कडी आणि वरची फळी तोडलीस, ती बाबांनी आठवडाभरात नवीन बसवली. त्या खालच्या फळीला त्यांनी रंधा लावला नाही.

त्यानंतर सतरा वर्षं बाबांच्या बाजूला आणि आता नऊ वर्षं एकटी, मी त्या दारासमोर उभी राहते. मी वाजवते आणि रोज आतून टक टक येतं. आतल्या झाडलोटीला आता मीच जाते, आधी पाहून येते, आत कोणी नसतं. मागची कडी बाहेरून लावून येते. तरी येतं. आवाज पुरता थांबला की मी दार उघडते. लोक म्हणतात, हिच्यासारखी शांतपणे ऐकणारी बाई पाहिली नाही.

मी आवाज थांबायची वाट का बघते, हे मला आता विचारू नकोस. आवाज चालू असताना एकदा उघडून बघायची हिंमत नाही म्हणून.

तुझ्या रागाचा पत्ता चुकलाय, एवढं सांगायला मला सव्वीस वर्षं लागली. बाबांवरचा काढून घे आणि माझ्यावर ठेव. पण त्यांना भेटून जा. माझ्याशी बोलू नकोस, मी त्या दिवशी दुकानात जाईन.

ती

६ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर आलेलं नाही आणि मी वाट बघणार नाही. वाट बघून पाहिली आहे.

मी परवा बाबांना सांगितलं. आधी तुला आणि मग त्यांना, हा क्रम चुकलाच, पण पाटीसमोर बसले की हात चालत नव्हता. सकाळी त्यांना टेकून बसवलं आणि लिहायला घेतलं. एवढीशी पाटी, चार ओळी लिहायच्या, त्यांनी वाचायच्या, मी पुसायच्या. कोपराची गोष्ट लिहून झाली तेव्हा मी त्यांच्याकडे बघत नव्हते. बघितलं तर म्हातारा हसत होता.

म्हणाले, "मला कळत होतं."

मी लिहिलं, काय?

"दर वेळी शाळेची वेळ झाली की बोलावणं यायचं. तुझ्या परीक्षेच्या दिवसांत तर तो फारच लवकर उठायचा."

आवाजाचा अंदाज नसल्यामुळे ते मोठ्याने बोलतात, शेजारीसुद्धा ऐकत असतील. मी लिहिलं, मग तुम्ही दार का उघडत होतात? ते म्हणाले, "मला वाटायचं, त्याला पोरीची शाळा कळत असणार. तो कोणाच्या तोंडून बोलावेल ते मी कोण ठरवणार? मी आपला उभा राहायचो. माझं काम उभं राहायचं."

मग मी तो दिवस लिहिला. टक टक लिहिलं. त्यांनी वाचलं आणि उजवा हात चौकटीवरून काढून माझ्यासमोर धरला. ती बोटं तुला आठवतात, एक अर्धं यंत्रात गेलेलं.

"हाताला लागलं होतं मला," म्हणाले. "वखारीत यंत्र बिघडलं की मला ऐकू यायचं नाही, पण टेबलावर हात ठेवला की कळायचं. त्या दिवशी दारातून हाताला लागलं. मला वाटलं, आज आलं. मी तुझ्याकडे वळून बघितलं. तू डोळे मिटून उभी होतीस आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तीन वर्षांत तुला तसं कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, आज पोरीला तो भेटला. कसा हलवू तिला? ती कोपर दाबेल तेव्हा उघडू."

मी त्यांच्यासाठी थांबले नव्हते आणि ते माझ्यासाठी थांबले होते. मी त्याचं बोलणं तुटू नये म्हणून उभी राहिले, ते माझी भक्ती तुटू नये म्हणून, आणि आई वीतभर अंतरावर होती.

मी खडू टाकला आणि ओरडले, त्यांना ऐकू येत नाही हे माहीत असून ओरडले, की मग दादाला का नाही सांगितलंत? तो तुम्हाला नाही नाही ते बोलून गेला तेव्हा तोंड का नाही उघडलंत? त्यांनी ओठ वाचले असतील. म्हणाले, "काय सांगू? बहीण रडत होती म्हणून थांबलो? तू चौदा वर्षांची होतीस. त्याने तुला दोषी धरलं असतं. मी होतो ना धरायला."

दादा, ते सव्वीस वर्षं मला पाठीशी घालत होते आणि मी त्यांना. एका घरात, एका पाटीवर. बाजारातून काय आणायचं, औषध घेतलंत का, पंखा बंद करू का, एवढंच लिहीत राहिलो.

काल सकाळी मी आधी वकीलकाकांकडे गेले आणि सगळं सांगितलं, तीन रिकाम्या दिवसांसकट. आयुष्यात पहिल्यांदा ते मधे बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं कोणापुढे उभे होतो?" मी म्हटलं, "त्याच्यापुढेच. खोटी मी होते. तुम्ही तर खरे उभे होता." किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "आजचा दिवस तरी उघड. मग बघू."

मी उघडलं. तीनदा वाजवलं, आतून टक झालं, पहिलंच, आणि मी दार ढकललं. मागे लोक दचकले, कोणीतरी "अहो बाई" म्हणालं. आत दिवा होता. चटई होती. खिडकीतून ऊन आलं होतं. कोणी नव्हतं, आवाजही नव्हता. मी उंबऱ्यातच खाली बसले आणि त्या खालच्या फळीवर हात ठेवला. उशीर झाला, एवढंच म्हटलं. ते आईला म्हटलं की त्याला, मला माहीत नाही. मग लोक एकेक करून आत आले आणि प्रार्थना झाली. आज सकाळी मी वाजवलं तेव्हा आतून काही आलं नाही. उद्याचं माहीत नाही.

आता मुख्य काम. काल संध्याकाळी मी पाटीवर लिहिलं, दादाला पुन्हा पत्र लिहितेय, काही सांगायचं आहे का? आणि धीर करून खाली लिहिलं, तुम्ही त्या दिवशी त्याला "पायातले काढ" म्हणालात.

त्यांनी ते वाचून डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मला तो दिसायच्या आधी त्याचे बूट कळले. मागून लाकडी जमिनीतून तळपायाला कळले. कोणीतरी बूट घालून त्याच्या दारात आलंय, एवढंच डोक्यात होतं. वर बघितलंच नाही मी. त्याच्या हातात काय आहे ते वर बघितलं असतं तर..." हुंदका आला त्यांना, आणि तोही फार मोठ्याने.

खाट दाराला का लावून घेतली, ते मला तेव्हा कळलं. वाऱ्यासाठी नाही. पायऱ्यांवर कोणी चढलं की चौकट हलते आणि त्यांच्या हाताला लागतं. दूधवाला, डॉक्टरीणबाई, मी, सगळ्यांची पावलं त्यांना पाठ झालीत. मी आले की डोळे न उघडता म्हणतात, "आलीस." पण मधेच कधी अनोळखी पाऊल पडलं की मान उचलतात, बघतात, आणि पुन्हा टेकतात.

तुझ्यासाठी निरोप दिलाय. जसाच्या तसा लिहिते.

"त्याला सांग, बूट काढू नको म्हणावं. घालूनच ये. अनवाणी आलास तर मला कळणार नाही."

पायऱ्या पाच आहेत, अजून लाकडाच्याच. जरा जोरात चढ. दार वाजवू नकोस, उघडंच आहे.

तुझी,
सुपकानी